पदवीचा प्रवेशअर्ज भरण्याआधी : क्रेडिट, मेजर-मायनर आणि पहिल्या वर्षाचे नियोजन

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत पदवीला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात आता जी माहितीपुस्तिका पडते, ती त्याच्या आईवडिलांना तर सोडाच, पाच वर्षांपूर्वी पदवीधर झालेल्या मोठ्या भावंडालाही नीट उलगडत नाही. मेजर, मायनर, ओई, व्हीईसी, एसईसी, एईसी, आयकेएस, ओजेटी अशी अक्षरे ओळीने छापलेली असतात, प्रत्येकासमोर दोन किंवा चार असा आकडा असतो, आणि काउंटरवरच्या गर्दीत हे समजावून सांगायला कोणाला सवड नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजुरी दिली. महाराष्ट्रात ते २०२३-२४ मध्ये विद्यापीठांचे विभाग व स्वायत्त महाविद्यालये यांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. तेव्हापासून प्रवेशाचा अर्ज हा केवळ एका वर्षाचा कागद राहिलेला नाही. त्यात नोंदवलेले विषय तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेपर्यंत, आणि पुढे पदव्युत्तर प्रवेशापर्यंत पोहोचतात. म्हणून अर्ज भरण्याआधी संपूर्ण आराखडा समजून घेणे आवश्यक आहे, आणि तो वाटतो तितका अवघड नाही.

क्रेडिट म्हणजे नेमके काय?

क्रेडिट, म्हणजेच शासकीय मराठीतील श्रेयांक, हे अभ्यासाच्या वेळेचे माप आहे. एका सत्रात १५ तास वर्गात शिकवले जाते, तेव्हा त्या विषयाला एक क्रेडिट मिळते. प्रयोगशाळेतील कामाला, क्षेत्रभेटीला किंवा प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला एका क्रेडिटसाठी दुप्पट, म्हणजे ३० तास द्यावे लागतात. सत्र साधारण १५ आठवड्यांचे असते. म्हणजे दोन क्रेडिटच्या लेखी विषयाला आठवड्याला दोन तास, आणि दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाला आठवड्याला चार तास लागतात. एका सत्रात २० ते २२ क्रेडिट, वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ क्रेडिट, असा राज्याचा हिशेब आहे. पुढचे सारे याच मापावर उभे आहे.

बावीस क्रेडिटचे एक सत्र

विज्ञान शाखेच्या पहिल्या सत्राचा एक नमुना घेऊ. विद्यार्थ्याने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तीन विषय घेतले आहेत, आणि प्रत्येकाला दोन क्रेडिट लेखी व दोन क्रेडिट प्रात्यक्षिक आहे. हे झाले १२ क्रेडिट. उरलेल्या दहांत दोन-दोन क्रेडिटचे पाच विषय असतात. पहिला ओई, म्हणजे खुला ऐच्छिक विषय. हा आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, त्यामुळे विज्ञानाचा विद्यार्थी येथे वाणिज्य किंवा मानव्यविद्येतील विषय घेतो. दुसरा एसईसी, म्हणजे एखादे उपयोगी कौशल्य. तिसरा एईसी, म्हणजे भाषा, त्यात इंग्रजी किंवा मराठीसारखी आधुनिक भारतीय भाषा. चौथा व्हीईसी, म्हणजे पर्यावरण किंवा संविधान यांसारखा मूल्यशिक्षणाचा विषय. पाचवा आयकेएस, म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा. पुढच्या सत्रात यांतील एखाद्याच्या जागी सीसी येते. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा, योग, सांस्कृतिक कार्य अशा सहशालेय उपक्रमांना सीसीमधून क्रेडिट मिळतात.

आता तास मोजू. मुख्य तीन विषयांना प्रत्येकी दोन तास लेखी आणि चार तास प्रात्यक्षिक, म्हणजे आठवड्याला १८ तास लागतात. उरलेले पाचही विषय लेखी असतील तर आणखी दहा तास, म्हणजे एकूण २८, आणि कौशल्याचा विषय प्रयोगशाळेत असेल तर ३०. हे फक्त महाविद्यालयात बसण्याचे तास आहेत, स्वतःचा अभ्यास व प्रवास वेगळा. ज्यांना शिकता शिकता अर्धवेळ काम करायचे आहे किंवा रोज एसटीने तालुक्याच्या गावी यायचे आहे, त्यांनी प्रवेश घेण्याआधीच या आकड्याकडे पाहावे. प्रात्यक्षिकांमुळे विज्ञानाचा आठवडा कला किंवा वाणिज्य शाखेपेक्षा बराच भरगच्च असतो, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी क्वचितच कोणी सांगते.

दुसरी मोजणी परीक्षांची. तीन लेखी, तीन प्रात्यक्षिके आणि पाच लहान विषय, असे एका सत्रात अकरा वेगवेगळे निकाल लागतात. दोन क्रेडिटचा विषय बहुधा ५० गुणांचा आणि चार क्रेडिटचा १०० गुणांचा असतो. त्यातील काही भाग महाविद्यालयाच्या अंतर्गत मूल्यमापनाचा आणि उरलेला सत्रांत परीक्षेचा असतो, आणि कित्येक ठिकाणी या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. अंतर्गत चाचणी बुडवून सत्रांत परीक्षेत भरून काढू, हा जुना हिशेब आता चालत नाही.

दोन क्रेडिटचे विषय हलक्यात घेतले तर?

विद्यार्थ्यांचे सर्वांत मोठे नुकसान होते ते येथे, म्हणून यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. ‘पर्यावरण काय, शेवटच्या आठवड्यात वाचून होईल’ असे सगळेच म्हणतात. परंतु वरच्या नमुन्यात या लहान विषयांचे मिळून १० क्रेडिट आहेत, म्हणजे २२ पैकी जवळजवळ निम्मे.

निकाल टक्क्यांऐवजी दहाच्या श्रेणीत लागतो. ओ श्रेणीला १० गुणांक, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५ आणि केवळ उत्तीर्णतेला ४. प्रत्येक विषयाचा गुणांक त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायची. जो आकडा येतो तो त्या सत्राचा एसजीपीए, आणि सर्व सत्रांचा मिळून काढलेला आकडा म्हणजे सीजीपीए. समजा, दोन मैत्रिणींना मुख्य विषयांत सारखेच ७ गुणांक मिळाले. त्याचे १२ गुणिले ७, म्हणजे ८४ झाले. पहिलीने लहान विषयांत ९ मिळवले : १० गुणिले ९, म्हणजे ९०. बेरीज १७४, भागिले २२, एसजीपीए ७.९१. दुसरीने लहान विषयांकडे दुर्लक्ष करून ५ मिळवले : बेरीज १३४, एसजीपीए ६.०९. मुख्य विषयांतील समज दोघींची सारखीच असताना निकालात जवळजवळ दोन गुणांकांचे अंतर पडले. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा ७.५ सीजीपीए लागतो. पहिली या रेषेच्या वर आहे आणि दुसरी खाली.

शिवाय यांतील एकही विषय राहिला तर पदवीचे क्रेडिट पूर्ण होत नाहीत. एटीकेटी मिळते, परंतु पुढच्या वर्षात जाण्यासाठी आदल्या वर्षाचे किमान किती क्रेडिट हवेत, याचा नियम प्रत्येक विद्यापीठाच्या अध्यादेशात ठरलेला असतो. तो पहिल्याच महिन्यात वाचून ठेवावा.

मेजर आणि मायनर कधी ठरतात?

मेजर हा पदवीचा मुख्य विषय. पुढे पदव्युत्तर प्रवेश बहुतांशी त्यावर अवलंबून असतो. मायनर हा सोबतचा दुय्यम विषय असतो आणि त्याला तीन वर्षांत मिळून साधारण १८ ते २० क्रेडिट असतात. काही विद्यापीठांत मेजर पहिल्या दिवसापासून ठरलेला असतो. इतर काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने शिकवले जातात, आणि दुसऱ्या वर्षात जाताना त्यांतला एक मेजर होतो, एक मायनर होतो आणि एक सुटतो. हा दुसरा प्रकार विद्यार्थ्याच्या हिताचा आहे असे माझे मत आहे, कारण सतराव्या-अठराव्या वर्षी, विषयाची खरी ओळख होण्याआधी, कोणालाही एका विषयाशी बांधून घालू नये. परंतु तो विद्यार्थ्याला सावधही करतो : प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या तीन विषयांतच पुढचा मेजर असणार आहे. भूगोलात एम.ए. करण्याची इच्छा असेल आणि पहिल्या वर्षी भूगोल घेतलाच नसेल, तर दुसऱ्या वर्षी तो मेजर म्हणून मिळत नाही.

म्हणून विषय निवडताना क्रम उलटा ठेवावा. आधी पुढे काय करायचे आहे ते ठरवावे, मग त्यासाठी कोणता मेजर लागतो ते पाहावे, त्यानंतर तो मेजर तिसऱ्या वर्षापर्यंत प्रत्यक्ष चालवणारे महाविद्यालय शोधावे, आणि अर्ज सगळ्यात शेवटी भरावा. पहिल्या वर्षी विषय आहे, पण तिसऱ्या वर्षी त्याची तुकडीच चालत नाही, अशी महाविद्यालये कमी नाहीत. ही माहिती विभागप्रमुखांना विचारली की मिळते.

अर्ज कुठे करायचा?

अभियांत्रिकी, विधी, बी.एड. यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना राज्याच्या सीईटी कक्षामार्फत प्रवेश होतो. बीबीए, बीसीए आणि बीएमएस हे अभ्यासक्रमही २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांनाही सीईटी सुरू झाली. हा बदल माहीत नसल्याने बारावीच्या निकालानंतर थेट महाविद्यालयात गेलेल्या अनेकांची निराशा झाली. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांना मात्र बारावीच्या गुणांवर महाविद्यालयनिहाय गुणवत्ता याद्या लागतात. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांसाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीचा क्रमांक घेऊन प्रत्येक महाविद्यालयाचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. नुसती विद्यापीठाची नोंदणी करून थांबल्यास कोणत्याही यादीत नाव येत नाही.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला असतोच. केंद्रीय किंवा अन्य मंडळांतून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्रही लागते. आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जातीचा दाखला, लागू असेल तेथे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते, त्यामुळे घरात जुने प्रमाणपत्र असले तरी त्यावरील तारीख पाहावी. जून महिन्यात सेतू केंद्रांवर आणि तहसील कार्यालयांत रांगा लागतात, म्हणून बारावीची परीक्षा संपताच, निकालाची वाट न पाहता, ही कामे उरकणे शहाणपणाचे.

शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलतीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ही सवलत केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आलेल्या मुलींसाठी आहे, सरसकट सर्व पदव्यांसाठी नाही. हे अनेक पालकांना ठाऊक नसल्याने शुल्काचा अंदाज चुकतो. सवलतीची रक्कम बँक खात्यात येत असल्याने खाते विद्यार्थ्याच्याच नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे.

क्रेडिट जमा कुठे होतात?

मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या राष्ट्रीय नोंदवहीत जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये तिचे नियम अधिसूचित केले. बँकेच्या पासबुकासारखीच तिची रचना आहे : विद्यार्थ्याचे खाते, संस्थेने केलेला भरणा आणि संस्था बदलल्यावर सोबत जाणारी शिल्लक. मात्र येथे शिल्लक सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंतच ग्राह्य धरली जाते, आणि एका पदवीसाठी वापरलेले क्रेडिट दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाहीत.

खाते डिजिलॉकरमधून उघडता येते आणि ते बारा अंकी अपार क्रमांकाशी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमस्वरूपी शैक्षणिक ओळख क्रमांकाशी, जोडलेले असते. अडचण बहुधा नावापाशी येते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, तर आधारवर बहुतेकांचे स्वतःचे नाव आधी असते. एका कागदावर वडिलांचे पूर्ण नाव तर दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमीजास्त. माणसाला दोन्ही नावे एकच दिसतात, संगणकाला दिसत नाहीत. मग क्रेडिट खात्यात जमा होत नाहीत आणि हे कळते ते बऱ्याचदा संस्था बदलताना. नावातील दुरुस्ती पहिल्या सत्राची परीक्षा होण्याआधीच करून घ्यावी.

चार वर्षे सक्तीची आहेत का?

नाहीत. तीन वर्षांची पदवी कायम आहे आणि ती पूर्ण पदवी आहे. लोकसेवा आयोगाच्या ज्या परीक्षांना पदवीधर असणे ही अट आहे, तेथे ती पुरेशी आहे. चौथे वर्ष ऐच्छिक आहे. त्यात ऑनर्स आणि संशोधनासह ऑनर्स असे दोन प्रकार आहेत, आणि ७.५ सीजीपीएची अट फक्त दुसऱ्या प्रकाराला आहे. त्यासाठी विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शकही असावे लागतात, त्यामुळे तो प्रत्येक महाविद्यालयात मिळणार नाही.

‘एक वर्ष वाया जाते’ ही भीती पालक बोलून दाखवतात. तिचे उत्तर साध्या बेरजेत आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एम.ए. मिळून पाच वर्षे होतात. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यासक्रम एक वर्षाचा, म्हणजे तेही पाचच. ज्याला पदव्युत्तर शिक्षण घ्यायचेच आहे, त्याचे वर्ष वाया जात नाही. शिवाय चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के किंवा समकक्ष श्रेणी असल्यास, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीच्या प्रवेशप्रक्रियेत थेट भाग घेता येतो, आणि राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्के सूट आहे. ज्या परदेशी विद्यापीठांना सोळा वर्षांचे शिक्षण लागते, तेथे अर्ज करतानाही चौथे वर्ष उपयोगी पडते. परंतु पदवीनंतर लगेच नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा हेच ध्येय असेल, तर तीन वर्षांवर थांबण्यात काहीही उणे नाही, आणि तसे थांबणाऱ्याला कमी लेखण्याचा कोणालाही अधिकार नाही.

मध्येच सोडले तर हाती काय राहते?

पहिल्या वर्षाचे क्रेडिट पूर्ण करून, वर आणखी चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण केल्यास प्रमाणपत्र मिळते, तर दोन वर्षांनंतर त्याच पद्धतीने पदविका मिळते. पुढे तीन वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास सुरू करता येतो आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावी लागते. यामुळे शिक्षण सोडण्यास उत्तेजन मिळेल, असा आक्षेप प्राध्यापकांकडूनही घेतला जातो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. एका वर्षाच्या प्रमाणपत्राला नोकरी देणारे काय किंमत देतील, हे अजून स्थिरावलेले नाही. त्यामुळे ‘वर्षभर करून पाहू’ या विचाराने प्रवेश घेऊ नये, असाच सल्ला मी देईन. परंतु वडिलांचे आजारपण, घरचा कर्ता जाणे, मुलीचे लग्न अशा कारणांनी ज्यांचे शिक्षण तुटत होते, त्यांचे आधीचे वर्ष पूर्वी पूर्णपणे बुडत असे. आता ते नोंदलेले राहते आणि परतीचा दरवाजा उघडा असतो, ही मोठी गोष्ट आहे. अशा वेळी महाविद्यालयात नुसते जाणे बंद न करता रीतसर अर्ज करून बाहेर पडावे.

‘आमच्या कॉलेजात पर्यायच नसतात’

ही तक्रार खरी आहे. प्राध्यापकांच्या जागा रिक्त असलेल्या लहान महाविद्यालयात खुल्या ऐच्छिक विषयाच्या यादीत दहा नावे असली, तरी प्रत्यक्षात शिकवले जातात एक-दोन, आणि तेच सर्वांना घ्यावे लागतात. धोरणाने कागदावर दिलेले स्वातंत्र्य शिक्षक नसतील तर विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि याची जबाबदारी विद्यार्थ्यावर नाही, शासनावर आहे.

तरीही एक वाट उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या स्वयम् या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांतून एका सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी मुभा दिली आहे. अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलै अशा दोन आवर्तनांत चालतात आणि क्रेडिट हवे असल्यास त्याची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. मात्र कोणता अभ्यासक्रम आपल्या कोणत्या विषयाऐवजी ग्राह्य धरला जाईल, याची महाविद्यालयाची लेखी मान्यता नोंदणीआधीच घ्यावी. अभ्यासक्रम पूर्ण करून नंतर मान्यता मागणाऱ्याच्या हाती केवळ प्रमाणपत्र राहते, क्रेडिट राहत नाही.

पहिले वर्ष कसे आखावे?

प्रवेश होताच शैक्षणिक दिनदर्शिका मिळवावी आणि त्यावर अंतर्गत चाचण्या, परीक्षा अर्जाची मुदत आणि महाडीबीटीची मुदत या तीन प्रकारच्या तारखा आधी नोंदवाव्यात. विलंबशुल्काचा भुर्दंड बहुधा यांच्यापैकीच एखादी चुकल्याने बसतो. सहशालेय उपक्रमाची नावनोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच होते, म्हणून राष्ट्रीय सेवा योजना किंवा एनसीसी हवी असेल तर पहिल्या पंधरवड्यातच विचारणा करावी.

प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, पुढच्या वर्षांत येते, पण त्याची तयारी पहिल्या वर्षीच सुरू करता येते. चार क्रेडिटच्या प्रशिक्षणाला १२० तास लागतात. आपल्या तालुक्यात दूध संघ, सहकारी बँक, कृषी उत्पन्न बाजार समिती, ग्रामीण रुग्णालय, छापखाना यांपैकी काय आहे आणि त्याचा आपल्या विषयाशी काय संबंध जोडता येईल, हे आधी पाहून ठेवणाऱ्याला ऐन वेळी कोणाच्या तरी ओळखीने नुसता शिक्का मिळवत फिरावे लागत नाही.

दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, एप्रिल-मेच्या सुमारास, ज्या महाविद्यालयांत तीन विषयांची पद्धत आहे तेथे मेजर, मायनर आणि सोडायचा विषय यांचा अर्ज येतो. गुण कशात जास्त मिळाले एवढ्यावर तो भरू नये. तिन्ही विभागांकडून दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम मागून वाचावेत, जो मेजर घेणार त्याच्या पदव्युत्तर प्रवेशाची अट पाहावी, आणि मेजरचे प्रात्यक्षिक व मायनरचे तास वेळापत्रकात एकाच वेळी येत नाहीत ना, याची विभागप्रमुखांकडून खात्री करून घेऊनच सही करावी.